एकास शंभर

आधी कागद ठरवायचा, मग जग,
असं टिपणीस सर म्हणतात
आणि चहाचा कप माझ्या कीबोर्डपासून वीतभर लांब ठेवतात.
ए-वन कागद. एकास शंभर.
डावा खालचा कोपरा शून्य, शून्य.
उजवा वरचा चौऱ्याऐंशी पूर्णांक एक,
एकोणसाठ पूर्णांक चार.
एवढ्या मीटरांत मावेल तेवढंच आपलं काम.

बेलापूर, सेक्टर पंधरा, तिसरा मजला.
काम म्हणजे दिवाळ्याच्या मच्छीमार सोसायटीची शेड.
जाळी ठेवायला, बिघडलेली इंजिनं उघडायला,
चोवीस बाय नऊ, वर पत्रा,
मागे एक संडास,
ज्याचं तोंड कुठे, यावर मीटिंगमध्ये पाऊण तास गेला.

खांब काढले. पन्हळ काढली.
मापं अशी लिहिली की कागदावर अडीच मिलिमीटर यावीत,
म्हणजे इथे, स्क्रीनच्या आतल्या जमिनीवर,
वीतवीत उंचीचे आकडे
भिंतीलगत उताणे पडलेले.

संध्याकाळी प्लॉट.
इम्तियाज सात वाजता शटर अर्धं ओढतो.
घाईत मी 'एक्स्टेंट्स'वर टिचकी मारली,
म्हणजे जे जे काढलंय ते सगळं बसव बाबा कागदावर.
त्यानं बसवलं.
वरच्या कडेला सुक्या जवळ्याएवढी शेड
आणि खाली पांढरं,
नुसतं पांढरं.
इम्तियाज कागद उजेडात धरून म्हणाला,
मॅडम, पैसे कागदाचे लावू की शाईचे?

कुठेतरी काहीतरी सांडलं होतं.
त्याच्याच काउंटरवर लॅपटॉप उघडला.
सगळं निवडलं, शेड वगळली,
उरला एक बिंदू.
एक्स वजा तीनशे बावन्न, वाय वजा अकराशे तीस.
दक्षिणेला. जेटीच्याही पुढे. भर खाडीत.

गवसला फोन लावला. सर्व्हे त्याचाच.
तो जेवत होता.
"अगं, तो पोशा नाखवा. ऐकेचना.
मशीन जेटीवर, आणि मला प्रिझम देऊन होडीत बसवलं.
म्हणाला, माजे बापाचा खुंट व्हता हय, डोल बांधाचा.
कागद करताव ना? मंगं यो पन घ्या.
ओहोटीला काळं टोक दिसतं म्हणे.
मला काही दिसलं नाही.
होडी डुलत होती, रीडिंग मीटरभर इकडेतिकडे असेल.
डिलीट कर की."

खोडायचा चौकोन बिंदूवर आणला.
खोडण्यासारखं त्यात काय होतं?
लांबी नाही, रुंदी नाही, म्हाताऱ्याचा एक हट्ट,
तोही मीटरभर चुकलेला.
एकास शंभरनं त्याला छापायचा
तर कागद अकरा मीटरांहून लांब लागेल,
इम्तियाजच्या दुकानातून निघून
दोन पायऱ्या उतरून
रिक्षा स्टँडपाशी पोचेल,
आणि त्याच्या पार टोकाला
पेनाची एक टोच.

एस्केप दाबलं.
प्लॉटच्या खिडकीत एक्स्टेंट्स काढून लिमिट्स निवडलं.
शून्य, शून्यपासून जेवढं ठरलं होतं तेवढं.
या वेळी शेड बरोबर चोवीस सेंटिमीटर.
इम्तियाजनं स्वतःची पट्टी लावून बघितली,
त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बिंदूला वेगळा लेयर दिला, न छापणारा.
नाव काय द्यावं कळेना.
खुंट लिहिलं. खोडलं. नाखवा लिहिलं.
मागे शटर खडखडलं तेव्हा परत खुंट लिहून सेव्ह केलं.

उद्या कागद सोसायटीला जाईल, सही-शिक्क्यासाठी.
फाइलही जाईल, पेनड्राइव्हवर.
चार-पाच वर्षांनी पत्रा गळेल,
नवा ड्राफ्ट्समन ती उघडेल,
सवयीनं झूम एक्स्टेंट्स मारेल
आणि त्याची शेड एकदम जवळ्याएवढी होईल.
शिव्या घालेल मला.
मग माउसचं चाक फिरवत, फिरवत
खाली, दक्षिणेकडे,
काय सांडलंय ते बघायला निघेल.